मंदी आणि कौटुंबिक खर्च : सोलापूर

मंदी म्हणजे उत्पादन, रोजगार, उत्पन्न आणि मागणी या चारही गोष्टींची घट बरेच महिने टिकून राहण्याची अवस्था. एकूण देशांतर्गत उत्पादन सलग दोन तिमाह्यांत घटले की तिला तांत्रिक मंदी म्हणण्याचा प्रघात असून, भारतात २०२०-२१ च्या पहिल्या तिमाहीत सुमारे २४ टक्क्यांची घट झाली आणि दुसऱ्या तिमाहीतही ती पूर्णपणे भरून निघाली नाही, तेव्हा हा शब्द वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला. मंदीत कुटुंबाचा खर्च सर्व बाबींत सारखा कमी होत नाही. आधी थांबतो तो लांबणीवर टाकता येणारा खर्च, आणि पोटाचा, औषधपाण्याचा व देण्याघेण्याचा खर्च शेवटपर्यंत टिकतो. कापड हे लांबणीवर टाकता येणाऱ्या वस्तूंचे ठळक उदाहरण आहे, कारण जुनी चादर आणखी एक वर्ष सहज चालते. सोलापूर हे शहर मोठ्या प्रमाणावर चादर आणि टॉवेल यांवर उभे असल्यामुळे देशातल्या लाखो घरांनी केलेली किरकोळ काटकसर येथे थेट पगार बुडण्याच्या रूपाने उतरते, आणि मग येथील घरे स्वतःचा खर्च आवरू लागतात. या दुहेरी फेऱ्यामुळे सोलापूरचा अभ्यास या विषयात विशेष उपयोगी ठरतो.

खर्चाच्या रचनेविषयीचा सर्वांत जुना नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडला. कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी तितका त्यातील अन्नाचा वाटा मोठा, असा त्याचा आशय आहे. भारतात २०२३-२४ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार एकूण उपभोगखर्चात अन्नाचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के, तर शहरी भागात सुमारे ४० टक्के होता. मंदीत हा वाटा वाढलेला दिसतो. पण त्याचा अर्थ घरात अधिक खाल्ले जाते असा नसून इतर बाबी गळाल्या असा आहे. जेम्स ड्यूझेनबेरी या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये याला एक पुरवणी जोडली : उत्पन्न वाढताना अंगवळणी पडलेले राहणीमान उत्पन्न घटल्यावर त्याच वेगाने खाली येत नाही, कारण माणूस आपल्या पूर्वीच्या चांगल्या दिवसांशी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी तुलना करून खर्च करतो. परिणामी पहिला भार बचतीवर आणि त्यानंतर उधारीवर पडतो. ताटातला पदार्थ बदलण्याची वेळ त्यानंतर येते.

सोलापुरात एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी उभी राहिली, आणि पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी व जाम या गिरण्यांमुळे शहराची मोठी वस्ती रोख पगारावर जगू लागली. त्यामुळे येथील कामगारांच्या घरखर्चाची नोंद देशातल्या इतर शहरांच्या मानाने लवकर झाली. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२५ मध्ये सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या कुटुंबखर्चाची पाहणी केली, आणि १९२७-२८ हे वर्ष पायाभूत धरून शहरासाठी राहणीखर्चाचा स्वतंत्र निर्देशांक सुरू झाला; ठरावीक वस्तूंच्या टोपलीची किंमत महिन्यागणिक किती बदलली हे सांगणारी ही संख्या पुढे महागाईभत्त्याच्या हिशेबात महत्त्वाची ठरली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेला सोलापूरचा सामाजिक-आर्थिक अभ्यास १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

१९२९ नंतरच्या जागतिक महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा पगारदाराला धान्य स्वस्त मिळाले आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा उरला नाही. मात्र कापडाचा मोठा गिऱ्हाईक शेतकरीच असल्याने स्वस्ताईचा हा लाभ कामगाराला फार काळ लाभला नाही, आणि वेतनकपातीविरुद्ध १९३४ मध्ये सोलापुरात गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. याच काळात ब्रिटनने सप्टेंबर १९३१ मध्ये सुवर्णपरिमाण, म्हणजे चलनाची सोन्याशी असलेली सांगड, सोडल्यावर रुपयात मोजलेला सोन्याचा भाव चढला, आणि शेतसारा व कर्ज भागवण्यासाठी भारतातील खेड्यापाड्यांतून अंगावरचे दागिने मोठ्या प्रमाणावर विकले गेले. अडचणीत मोडण्यासाठी म्हणून सोने घ्यावे, ही मराठी घरांतील रीत केवळ हौसेची नव्हे, हे त्या दशकाने दाखवून दिले.

जुनी गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. हजारो कामगार एकाच वेळी घरी बसले, आणि केंद्र सरकारने ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम काढून गिरणीचे व्यवस्थापन आपल्या हाती घेतले. येथे कारण व्यापक मंदीचे नसून मुख्यतः ढिसाळ कारभाराचे होते. तरीही चुलीपुरता विचार केला तर परिणामात फरक पडत नाही. मंदी असो वा गिरणी बंद पडो, गिरणगावातील घराचा पहिला आधार म्हणजे किराणा दुकानातील उधारीची वही. दुकानदार पगाराच्या भरवशावर माल देतो. पगार थांबला की काही काळ वही वाढते, मग दुकानदार हात आखडता घेतो, आणि खरी काटकसर त्या दिवसापासून सुरू होते. म्हणून बेकारी व खर्चकपात यांमध्ये काही आठवड्यांचे अंतर पडते, जे सरासरी आकडेवारीत सहसा दिसत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या गिरण्या बंद पडत गेल्या आणि शहराच्या पूर्व भागातील यंत्रमाग कारखाने व विडी उद्योग हेच कष्टकरी घरांचे मुख्य आधार राहिले. या भागातील पद्मशाली व इतर तेलुगूभाषक कुटुंबांत पुरुष मागावर आणि स्त्री विडी वळायला, अशी विभागणी सर्रास आढळते. विडी ही रोज लागणारी स्वस्त वस्तू असल्याने तिची मागणी चादरीसारखी पुढल्या वर्षावर ढकलली जात नाही. त्यामुळे माग थंडावले तरी हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर घर कसेबसे चालत असे. घरखर्चाचे निर्णय अशा वेळी साहजिकच बाईच्या हाती येतात. मार्च २०२० च्या कोरोना टाळेबंदीत माग आणि विडी दोन्ही एकदमच थांबले, आणि एका उद्योगाने दुसऱ्याला सावरण्याची ही जुनी सोय त्या वर्षी उपयोगी पडली नाही.

आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घराची काटकसर महिन्याच्या पगाराच्या घरापेक्षा वेगळी असते. महिन्याचा किराणा एकदम भरणे बंद होते आणि तेल पाव किलो, साखर अर्धा किलो अशी सुटी खरेदी सुरू होते. ती किलोमागे महाग पडते, पण हाती असलेल्या रकमेत बसते. शेंगदाणा तेलाच्या जागी पामतेल येते, तूरडाळीचे वरण पातळ होते. अन्नधान्यात तर उलटाच प्रकार घडतो. जिल्ह्याचे पारंपरिक अन्न ज्वारीची भाकरी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर गहू २ रुपये व तांदूळ ३ रुपये किलो झाला आणि जानेवारी २०२३ पासून ही धान्ये मोफत मिळू लागली, तेव्हा खुल्या बाजारातील ज्वारी तुलनेने चैनीची ठरली. एकेकाळी गरिबाची म्हणून ओळखली जाणारी भाकरी अडचणीच्या काळात कमी होते आणि रेशनचा भात वाढतो. एंगेल व ड्यूझेनबेरी यांच्या जुन्या नियमांच्या चौकटीत हे सहजी बसत नाही.

काही खर्च मात्र मंदीतही हटत नाहीत. लग्न, मुलांची फी, आजारपण आणि बचत गटाचा किंवा फायनान्सचा हप्ता यांना पैसा लागतोच. हप्ता चुकवला तर गटातील इतर बायांवर भार पडतो, म्हणून तो भाजीपाल्याआधी बाजूला काढला जातो. पैशाची जुळणी भिशी, मालकाकडील उचल आणि सोनेतारण यांतून होते. मालकाकडून आगाऊ घेतलेली उचल पुढील पगारातून कापली जात असल्यामुळे मंदी ओसरल्यानंतरही खर्च लगेच पूर्ववत होत नाही. तेजीचे पहिले काही महिने मागची देणी फेडण्यातच जातात.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले की प्रत्येकाने एकाच वेळी बचत वाढवली तर सर्वांचे उत्पन्न घटते आणि एकूण बचत वाढतच नाही. रिझर्व्ह बँकेच्या अंदाजानुसार २०२०-२१ च्या पहिल्या तिमाहीत भारतातील कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत देशांतर्गत उत्पादनाच्या २१ टक्क्यांपर्यंत चढली होती. हा आकडा ज्यांचा पगार चालू होता आणि ज्यांना खर्च करायला बाजारच उघडा नव्हता, त्यांचा आहे. पूर्व भागातील मागवाला त्यात बसत नाही. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी सोलापूर हे आजही एक केंद्र असून तेथील भाव नियमित नोंदले जातात, परंतु त्या भावांनी माल रोख घेतला की उधार, याची नोंद निर्देशांकात होत नाही.