भंगारातून उभी राहिलेली लिबरेटर विमाने

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने उसनवारीच्या करारान्वये मित्रराष्ट्रांना दिलेली विमाने युद्धसमाप्तीनंतर परत करावयाची किंवा मोडीत काढावयाची होती. ब्रिटिश हवाई दलाने आपली बी-२४ लिबरेटर बॉम्बफेकी विमाने कानपूरजवळच्या चकेरी तळावर गोळा केली आणि ती पुन्हा उडू नयेत अशा बेताने मुद्दाम निकामी करून सोडली. नवस्वतंत्र भारताच्या हवाई दलापाशी मात्र तेव्हा एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हते.

हे काम १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीकडे आले. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरात स्थापलेल्या या कंपनीच्या कारागिरांना युद्धकाळातील दुरुस्तीकामामुळे अमेरिकी विमाने परिचयाची होती. ज्या सांगाड्याचे जे शाबूत, ते काढून दुसऱ्यास जोडायचे, अशी पद्धत होती. चकेरीत डागडुजी व्हायची ती केवळ बंगळुरापर्यंत पोहोचण्यापुरती. खरी पुनर्बांधणी तेथील कारखान्यात होई. मधले सुमारे दीड हजार किलोमीटरचे उड्डाण कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी करीत. असे विमान एकदा नेणेही धाडसाचे. त्यांनी चाळीसहून अधिक नेली.

सुट्या भागांतून विमान जुळविताना भाग बसला म्हणजे तो चालेल, असे नसते. अपघातात किंवा आघातात पंखाच्या मुख्य तुळईला गेलेला केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही. पाते जमिनीवर आदळलेले असेल, तर बाहेरून धड दिसणारे इंजिनही उघडून तपासावे लागते. म्हणूनच सुट्या भागाच्या इतिहासाची कागदपत्रे महत्त्वाची ठरतात.

नोव्हेंबर १९४८ मध्ये पाचव्या स्क्वाड्रनला ही विमाने मिळाली. पुढे सहाव्या स्क्वाड्रनने त्यांच्यावर सागरी टेहळणी केली. डिसेंबर १९६८ मध्ये, म्हणजे मोडीत निघाल्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने, ती निवृत्त झाली. याच स्क्वाड्रनच्या ताफ्यातील एक सुपर कॉन्स्टेलेशन विमान बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात पाहता येते.

जगभरात १८ हजारांहून अधिक लिबरेटर विमाने बांधली गेली; उरली ती मोजकीच. ब्रिटन, कॅनडा व अमेरिकेतील संग्रहालयांत जतन केलेल्यांपैकी कित्येक भारतीय हवाई दलाकडून गेलेली आहेत.