अजर नावाचे फूल

'अगेरॅटम' या नावात ग्रीक भाषेतला 'गेरास' हा शब्द दडलेला आहे. त्याचा अर्थ वार्धक्य. आणि त्याच्या आधी जोडलेला 'अ' नकाराचा. संस्कृतातल्या 'अजर' या शब्दाची घडण हुबेहूब अशीच आहे. 'गेरास' आणि 'जरा' हे शब्द तर भाषाशास्त्राच्या दृष्टीने एकाच मुळाचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या वैद्याने एका निराळ्याच वनस्पतीला दिलेले हे नाव लिनिअसने १७५३ साली अमेरिकेतल्या या कुळासाठी घेतले. फुलांचा रंग दीर्घकाळ टिकतो, एवढाच या अजरत्वाचा आधार.

बागांतून दिसणारी निळी जात मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. तिच्या शास्त्रीय नावात विल्यम ह्यूस्टन या स्कॉटिश शल्यवैद्याची आठवण आहे. गुलामांच्या व्यापाराचा मक्ता असलेल्या साउथ सी कंपनीच्या नोकरीत तो वेस्ट इंडीजकडे गेला. व्हेराक्रूझ परिसरात वनस्पती गोळा करून त्याने त्यांची बियाणी लंडनच्या चेल्सी औषधी उद्यानात फिलिप मिलरकडे धाडली. १७३३ साली, चाळिशी गाठण्याआधीच, तो जमैकात मरण पावला. मिलरने १७६८ मध्ये आपल्या उद्यानकोशाच्या आठव्या आवृत्तीत या वनस्पतीला ह्यूस्टनचे नाव दिले. अजर फुलाशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्याला जरा कधी भेटलीच नाही.

फुलाचे खरे भाग्य उजळले ते एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली रद्द झाला, काचगृहे स्वस्त झाली, आणि उष्ण प्रदेशांतली रोपे हिवाळ्यात उबेत वाढवून उन्हाळ्यात हजारोंनी बाहेर लावण्याची रीत फोफावली. तांबड्या जिरेनियमच्या आणि पिवळ्या कॅल्सिओलारियाच्या ताटव्यांना निळी किनार हवी होती. आणि खरा निळा रंग फुलांत दुर्मिळ. बुटक्या, गोळीबंद अगेरॅटमने ती उणीव भरली. हिवाळा सौम्य असेल तिथे वर्षाहून अधिक जगू शकणारे हे झाड असे 'हंगामी' ठरले. पहिले हिमतुषार पडले की ते काळवंडायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बियांपासून सुरुवात. विल्यम रॉबिन्सनने १८७० साली 'द वाइल्ड गार्डन' या पुस्तकातून या साऱ्या ताटवे-संस्कृतीवरच हल्ला चढवला, तो याच उधळपट्टीमुळे.

या फुलाची लागवड करणाऱ्याला अजरत्वाचे हे गुपित पहिल्याच दिवशी कळू लागते. बी इतके बारीक की चिमटीत शेकड्यांनी मावावे. ते मातीत पुरायचे नाही. उगवण्यासाठी त्याला उजेड लागतो. चाळलेल्या, ओलसर मातीवर ते नुसते टेकवायचे आणि पाणी झारीने न घालता कुंडीच्या बुडातून चढू द्यायचे. आठदहा दिवसांत कोंब दिसतात. माती चिकचिकीत राहिली, तर रोपे मरीने एका रात्रीत कोलमडतात. चारसहा पाने आल्यावर सुमारे वीतभर अंतरावर लावणी करावी, शेंडा खुडावा, खत बेताने द्यावे; फाजील नत्राने पाला माजतो, फूल मागे पडते. आपल्याकडे पावसाळा सरताना पेरले, की थंडीभर ताटवा निळा राहतो. मात्र सुकलेले गुच्छ वेळच्या वेळी कापले पाहिजेत. बी धरले की झाडाचे काम संपत येते. ते धरू न देणे हीच त्याच्या तारुण्याची अट. नावातले अजरत्व असे माळ्याच्या कात्रीवर उभे आहे.

या कथेला विज्ञानाने १९७६ साली एक विलक्षण कलाटणी दिली. विल्यम बॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वनस्पतीतून 'प्रिकोसीन' ही संयुगे वेगळी केली. कीटकांचे बाल्य टिकवणारे संप्रेरक ती थांबवतात. परिणामी काही कीटकांची पिले वाढ पुरी होण्याआधीच प्रौढ होतात: खुजी आणि बहुधा वांझ. स्वतः 'अजर' म्हणवणारे हे झाड आपल्या शत्रूला अकाली प्रौढत्व बहाल करते!

याच कुळातली एक जात सह्याद्रीच्या वाटांवर, शेताच्या बांधांवर, पडीक जागी पावसाळ्यानंतर माजलेली दिसते. मराठीत तिला 'ओसाडी' म्हणतात. तीही अमेरिकेहूनच आलेली. तिला कोणी पेरत नाही, तिचा शेंडा खुडत नाही, सुके गुच्छ कापत नाही. ती फुलते, बी धरते, ते वाऱ्यावर सोडते आणि वाळून जाते. ताटव्यातले फूल म्हातारपण पुढे ढकलत राहते; ओसाडी म्हातारी होते आणि म्हणूनच दरवर्षी परत येते. दोघींत अजर कोण, हे बी जमिनीवर टेकवताना एकदा स्वतःला विचारून पाहावे.