हिंगण्याच्या आश्रमाचा कारभार

१८९३. धर्मांतराच्या वादावरून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी पंडिता रमाबाईंच्या पुण्यातील शारदा सदनाशी सल्लागार म्हणून असलेला संबंध तोडला. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. निर्णय मुलींच्या हाती नव्हता.

१८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये हिंगण्यास गेला. येथे चित्र पालटले. शिक्षणासाठी पुण्यास आलेल्या विधवा पार्वतीबाई आठवले आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. १९०८ साली निष्काम कर्ममठ निघाला, तेव्हा त्यांनी आजन्म सेवेचे व्रत घेतले. १९१८ मध्ये निधीसाठी त्या अमेरिकेस गेल्या.

जिच्यासाठी आश्रम निघाला, तीच तो चालवू लागली. सल्लागाराला राजीनाम्याची वाट मोकळी असते. व्रतस्थ सेविकेला नव्हती.