पंचगंगा घाट : काशीच्या तीरावरील मराठी इतिहास

१. प्रस्तावना

काशीला जाणारा मराठी यात्रेकरू बहुधा विश्वनाथाचे दर्शन आणि दशाश्वमेध घाटावरील गंगा आरती एवढे पाहून परततो. पंचगंगा घाट त्याला नावेतून दिसतो, पण तेथे तो क्वचितच उतरतो. असी, दशाश्वमेध, मणिकर्णिका, पंचगंगा आणि आदिकेशव ही काशीची पंचतीर्थे होत. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा व धूतपापा या पाच नद्या पंचगंगेवर एकत्र येतात अशी श्रद्धा आहे. डोळ्यांना मात्र गंगाच दिसते. या परिसरात ग्रंथ, वास्तू आणि आख्यायिका ही इतिहासाची तीनही साधने शेजारी शेजारी भेटतात. ती वेगवेगळी कशी वाचावीत, हे या टिपणात पाहू.

२. ग्रंथाचा पुरावा

संत एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरील टीका पैठणला सुरू केली. पहिले पाच अध्याय तेथे झाले आणि उरलेला ग्रंथ त्यांनी वाराणसीत पूर्ण केला. समाप्तीचे स्थळ व तिथी त्यांनी स्वतःच ग्रंथाच्या अखेरीस नोंदवली आहे : मणिकर्णिकेचा तीर, शके १४९५, कार्तिक शुद्ध पौर्णिमा, म्हणजे इ. स. १५७३. मणिकर्णिका पंचगंगेपासून फार दूर नाही. लेखकाने स्वतः दिलेली ही नोंद असल्यामुळे तिचे मोल मोठे आहे.

त्याच शतकात पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्ट हे काशीचे अग्रगण्य पंडित होते. ‘त्रिस्थलीसेतु’ हा तीर्थविषयक ग्रंथ त्यांचाच. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. म्हणजे मराठी सत्ता उत्तरेत पोहोचण्यापूर्वीच मराठी विद्वत्ता काशीत रुजली होती.

३. वास्तूंचा पुरावा

पंचगंगेवर पूर्वी बिंदुमाधवाचे भव्य मंदिर होते. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने १६६५ मध्ये ते पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले. पुढे औरंगजेबाच्या काळात ते पाडले गेले आणि त्या जागी आलमगिरी मशीद उभी राहिली. तिचे उंच मिनार दुरून दिसत. जेम्स प्रिन्सेप याने एकोणिसाव्या शतकात त्यांची दुरुस्ती केली. त्यांपैकी एक १९४८ मध्ये कोसळला; आज दोन्ही मिनार नाहीत.

या वास्तूला लोक ‘माधवराव का धरहरा’ असेही म्हणतात. मराठी माणसाला लगेच माधवराव पेशवे आठवतात, पण हा समज चुकीचा आहे. नाव आले ते बिंदुमाधवावरून. मंदिर गेले, पण देवाचे नाव मशिदीच्या मिनारांना चिकटून राहिले. स्थळनामे पुरावा ठरतात, पण ती उलगडून घ्यावी लागतात.

बिंदुमाधवाचे सध्याचे मंदिर मशिदीच्या जवळच, साध्या घरासारख्या इमारतीत आहे. ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवले. घाटावरील दगडी ‘हजारा’ दीपस्तंभ अहल्याबाई होळकरांचा म्हणून ओळखला जातो.

४. आख्यायिका

पहाटे अंधारात स्वामी रामानंदांचा पाय पायरीवर पडून राहिलेल्या कबीरांना लागला, त्यांच्या तोंडून ‘राम’ शब्द निघाला आणि कबीरांनी तोच गुरुमंत्र मानला, ही कथा याच घाटावरची. एकनाथांच्या मराठी ग्रंथाला काशीच्या पंडितांनी विरोध केल्याची व शेवटी त्याची मिरवणूक निघाल्याची कथाही प्रसिद्ध आहे. पण ती सांगणारे महिपती सुमारे दोन शतकांनंतरचे. अशा कथांवरून घटना सिद्ध होत नाही. मात्र ज्ञान कोणाचे आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न समाजाला किती महत्त्वाचा वाटत होता, ते त्यांतून कळते.

५. काय पाहावे?

मणिकर्णिकेपासून उत्तरेकडे चालत निघावे. वाटेत शिंदे घाट, भोसले घाट, जटार घाट, ग्वाल्हेर घाट अशी ओळखीची नावे भेटतात. पंचगंगेला लागून बालाजी घाट आहे. तेथील बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ शहनाईचा रियाज करीत. पंचगंगेवर तैलंगस्वामींचा मठ व रामानंदांचा श्रीमठ आहे. पायऱ्या उंच व उभ्या आहेत. वृद्धांनी सोबत घ्यावी. पावसाळ्यात पायऱ्या पाण्याखाली जातात. कार्तिकात बांबूंवर टांगलेले आकाशदिवे आणि कार्तिक पौर्णिमेला उजळणारा हजारा अवश्य पाहावा. नाथांचे भागवत पूर्ण झाले ती तिथीही हीच.

६. सारांश

पंचगंगा घाटावर मराठी माणसे आधी ग्रंथ घेऊन आली आणि नंतर दगड-चुना घेऊन. येथील इतिहासात उभारणी आहे तशीच मोडतोडही आहे. एकीचा अभिमान आणि दुसरीचा राग बाजूला ठेवून प्रत्येक विधानाचा आधार तपासणे, हीच इतिहासाच्या विद्यार्थ्याची खरी काशीयात्रा होय.

स्वाध्याय

१. ‘धरहरा’ या वास्तूच्या नावावरून स्थळनामांचे ऐतिहासिक महत्त्व स्पष्ट करा.
२. एकनाथांची स्वतःची नोंद व महिपतींची कथा यांच्या विश्वसनीयतेची तुलना करा.
३. आपल्या गावातील एका जुन्या वास्तूविषयी ग्रंथ, वास्तू व आख्यायिका असे तीन प्रकारचे पुरावे गोळा करा.