कुंपणाची फळी बदलताना तयार माप बसत नसेल तर...

लातूर / नांदेड : घराभोवतीच्या बागेला सिमेंटच्या खांबांचे व फळ्यांचे तयार कुंपण घालण्याची पद्धत मराठवाड्यातील शहरांत चांगलीच रुळली आहे. विटांच्या भिंतीपेक्षा खर्च कमी आणि काम दोन-तीन दिवसांत पूर्ण, ही त्याची जमेची बाजू. अडचण उभी राहते ती काही वर्षांनी. एखादी फळी तडकते, बाजारातून नवी आणली जाते आणि ती एक तर खाचेत शिरत नाही किंवा खाचेतून निसटते. अशा वेळी जागा कशीबशी बुजवून टाकण्याकडे कल असतो. मात्र सत्तर-ऐंशी किलोची फळी अर्धवट टेकलेली राहिली तर ती बागेत खेळणाऱ्या मुलांच्या अंगावर पडू शकते. म्हणूनच माप समजून घेणे आवश्यक ठरते.

माप का चुकते?

पहिले कारण साच्याचे. या फळ्या ठिकठिकाणच्या छोट्या कारखान्यांत ओतल्या जातात. साधारणतः त्या सहा ते सात फूट लांब, एक फूट रुंद व दीड ते दोन इंच जाड असतात. पण प्रत्येकाचा साचा निराळा असतो. दुसरे कारण भूखंडाचे. हद्दीची लांबी फळीच्या मापाच्या पटीत क्वचितच असते, त्यामुळे शेवटचा गाळा नेहमी तोकडा राहतो.

तिसरे कारण मातीचे, आणि लातूर-नांदेडमध्ये तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली येथील काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या हालचालीमुळे उथळ पुरलेले खांब दरवर्षी थोडे थोडे कलतात. परिणामी दोन खांबांमधील अंतर तळाशी एक आणि माथ्याशी दुसरेच असते.

मोजमाप कसे घ्यावे?

जुन्या फळीवरून नवीचे माप घेऊ नये. दोन खांबांच्या आतील कडांमधील अंतर तळाशी, मध्यावर व माथ्याशी अशा तीन ठिकाणी मोजावे. नंतर दोन्ही खाचांची खोली मोजावी. समजा, अंतर ६८ इंच आहे आणि प्रत्येक खाच दीड इंच खोल आहे. या गाळ्यात जास्तीत जास्त ७१ इंच लांबीची फळी मावेल. सरकवण्यासाठी व मातीच्या हालचालीसाठी अर्धा इंच मोकळा ठेवला की माप ७० १/२ इंच होते. दोन्ही टोके खाचेत किमान एक-एक इंच टेकली पाहिजेत; म्हणजे ७० इंचांपेक्षा लहान फळी येथे चालणार नाही.

फळ्या वरून खाचेत सोडल्या जातात, हेही लक्षात ठेवावे. खांब एकमेकांकडे झुकले असतील तर तळाच्या मापाची फळी माथ्यावरच अडकते. अशा वेळी फळी कापण्याऐवजी आधी खांब ओळंब्यात आणणे श्रेयस्कर.

फळी लांब पडल्यास

दीड-दोन इंचांचा फरक असेल तर फळी हिऱ्याच्या पात्याच्या कटरने कापता येते. फळी सपाट जमिनीवर पूर्ण आधार देऊन ठेवावी आणि पाणी मारत कापावी. सिमेंटची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असल्याने नाकावर मास्क व डोळ्यांवर चष्मा हवाच. कापलेल्या टोकाशी आतील लोखंडी सळ्या उघड्या पडतात. त्यांवर गंजरोधक प्रायमर लावून वर सिमेंटचा गिलावा दिला नाही, तर सळ्या गंजून फुगतात आणि तीच फळी पुन्हा तडकते.

फळी तोकडी पडल्यास

मधली फट सिमेंटच्या मसाल्याने भरणे हा उपाय नव्हे. तो मसाला फळीचे वजन पेलत नाही. कारखानदाराला माप देऊन फळी ओतून घ्यावी. साच्याच्या एका टोकाला लाकडी ठोकळा ठेवला की हवी ती लांबी मिळते आणि सळ्याही त्याच मापाने कापल्या जातात. ओतल्यानंतर किमान सात दिवस पाणी मारणे आवश्यक आहे. काँक्रीटची अपेक्षित ताकद २८ दिवसांनी गृहीत धरली जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरमध्ये ओल्या गोणपाटाने फळ्या झाकून पाणी वाचवणे हे शहाणपणाचेच.

जाळी व लोखंडी चौकट

विषम गाळ्यासाठी तारेची साखळी-जाळी सर्वांत सोयीची. जाळीतील एक नागमोडी तार फिरवत बाहेर काढली की तुकडा सुटा होतो. तीच तार पुन्हा ओवली की दोन तुकडे जोडले जातात. त्यामुळे लांबी हवी तशी ठेवता येते. तारेचा गेज आकडा जितका मोठा तितकी तार बारीक : १० गेजची तार सुमारे ३.२५ मिलिमीटर, तर १२ गेजची २.६४ मिलिमीटर जाड असते. जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीसाठी आयएस २७२१ हे भारतीय मानक आहे.

फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकट करून घेताना लोखंडी अँगल सहसा सहा मीटर लांबीचा मिळतो, हे ध्यानात ठेवून तुकडे पाडावेत. ६८ इंचांचे तीन तुकडे काढल्यावर सुमारे ३२ इंच उरतात. ते उभ्या आधारांसाठी वापरता येतात.

दगड रचू नयेत

पडलेल्या फळीच्या जागी मातीत दगड रचण्याचा मोह टाळावा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो बळी गेले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळणे हे त्या जीवितहानीचे प्रमुख कारण होते. २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले भूकंपाचे धक्के नांदेडमध्येही जाणवले होते. उंच आणि बांधणी नसलेली भिंत येथे धोक्याचीच.

खांब हलवण्यापूर्वी

काळ्या मातीत खांबाचा खड्डा शक्य तर मुरमापर्यंत न्यावा आणि काँक्रीटभोवती काळ्या मातीऐवजी मुरूम धुमसून भरावा. खांबाच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नये.

खांब काही इंच सरकवला म्हणजे हद्दही सरकते. सामाईक कुंपण असल्यास शेजाऱ्यांना आधी विश्वासात घ्यावे आणि हद्दीविषयी शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार कुंपणभिंतीची उंची समोरील रस्त्याच्या मध्यापासून सर्वसाधारणपणे दीड मीटरपर्यंत असावी लागते. वरचा भाग जाळीसारखा खुला ठेवल्यास अधिक उंची मिळू शकते, तर कोपऱ्यावरील भूखंडांना वेगळी मर्यादा आहे. उंची वाढवायची असल्यास महापालिकेच्या नगररचना विभागात आधी विचारणा करावी.

एकाच वेळी अनेक फळ्या बदलायच्या असल्या तरी प्रथम प्रत्येक गाळ्याचे माप स्वतंत्र लिहून ठेवावे. त्यानंतर एकच फळी करून घेऊन ती खाचेत बसवून पाहावी आणि मगच उरलेल्यांची मागणी नोंदवावी.