चाबकाचा फटका आणि अठरा प्रकरणे

'इंद्रजाल कॉमिक्स' हे प्रकाशन मुंबईहून मार्च १९६४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये थांबले. इंग्रजीप्रमाणेच मराठीतूनही निघालेल्या या अंकांनी ली फॉक या अमेरिकन लेखकाचे दोन नायक, वेताळ आणि जादूगार मँड्रेक, आपल्याकडे आणले. त्यांतील मँड्रेकच्या गुरूकडे, थेरॉनकडे, वाङ्मयाच्या अभ्यासकाने एकदा तरी पाहावे असे मला वाटते.

११ जून १९३४ रोजी वृत्तपत्रातील चित्रमालिकेत मँड्रेक अवतरला तो सिद्ध जादूगार म्हणूनच. उंच टोपी, झगा, कोरीव मिशी आणि समोरच्याला क्षणात संमोहित करणारा हात, सगळे तयार. त्याला घडवले कोणी, याची सविस्तर कथा मालिकेने मागाहून रचली. हिमालयात जादूविद्येचे एक विद्यापीठ, त्याचा वृद्ध प्रमुख थेरॉन आणि त्याच्या हाताखाली शिकलेला मँड्रेक. पुढे हा गुरूच मँड्रेकचा पिता निघतो. खलनायक कोब्रा हा थेरॉनचाच थोरला मुलगा, म्हणजे मँड्रेकचा सावत्र भाऊ ठरतो. थेरॉनकडे एका अद्भुत स्फटिकाची राखणही येते. गुरू, मग बाप, मग ठेवीचा राखणदार! या प्रवासात थेरॉनचे महत्त्व वाढत जाते, पण त्याचे शिकवणे मात्र वाचकाला फारसे दिसत नाही. चित्रचौकटीत साधनेची वर्षे मावत नाहीत. तिला फळ दाखवता येते.

हा केवळ चित्रकथेचा दोष मानावा काय? बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, आणि तिथली सर्वांना ठाऊक असलेली कथा पाहिली तर तसे म्हणवत नाही. राजा जैतपाळाची अट अशी, की रिकिबीत पाय ठेवून घोड्यावर बसण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ब्रह्म दाखवावे. ज्यांना ते साधले नाही त्या साधूंना त्याने कोंडून राबवले. मग मुकुंदराज आले. राजाचा पाय रिकिबीत, वर चाबकाचा एक फटका, आणि राजाची समाधी लागली. तीन चौकटींत बसेल अशीच ही कथा आहे.

आणि 'विवेकसिंधु' काय आहे? अठरा प्रकरणांचा, वेदान्ताचा एकेक सिद्धान्त सावकाश उलगडणारा ओवीबद्ध ग्रंथ. शिष्य शंका घेतो, गुरू उत्तर देतो, त्या उत्तरातून पुन्हा शंका निघते. घाई कुठेच नाही. ग्रंथात जैतपाळ आहे, परंतु तो नृसिंहाचा नातू, बल्लाळाचा पुत्र आणि ही ग्रंथरचना करवून घेणारा म्हणून. घोडा नाही, चाबूक नाही, कोंडलेले साधूही नाहीत. मुकुंदराज तर तिथे स्वतःला प्रथम शिष्यच मानतात आणि आदिनाथ, हरिनाथ अशी आपली गुरुपरंपरा सांगतात. ग्रंथातील आश्रयदात्याचा कथेत उन्मत्त राजा झाला, कारण गुरूचे सामर्थ्य दिसायचे तर शिष्याच्या अंगी आधी मद हवा. १९६३ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी डॉक्टर स्ट्रेंज निर्माण केला. जुलैत त्याची पहिली कथा आली, आणि तो मुळात एक गर्विष्ठ शल्यविशारद होता व वृद्ध गुरूपाशी येऊन नमला, हे पूर्ववृत्त डिसेंबरात सांगितले गेले. तिथेही नायक आधी आणि मद मागाहून!

मुकुंदराजांविषयी अभ्यासकांचे वाद सुपरिचित आहेत. ग्रंथाचा शके १११०, म्हणजे इ.स. ११८८, हा काळ खरा मानल्यास ते ज्ञानेश्वरांच्या शंभर वर्षे आधीचे आणि मराठीचे आद्यकवी ठरतात. उपलब्ध पोथ्यांची भाषा मात्र इतकी जुनी वाटत नाही, म्हणून अनेकांनी शंका घेतली. स्थळाचाही वाद आहे. ग्रंथातील अंबानगरी वैनगंगेच्या तीरावर आहे, त्यामुळे विदर्भातील आंभोऱ्याचा दावा उभा राहतो. तर समाधी आणि परंपरा अंबाजोगाईकडे बोट दाखवतात. जैतपाळ नेमका कोणता, यादवांचा की खेरळ्याचा, यावरही एकमत नाही. काळ, स्थळ आणि शिष्य, तिन्ही अनिश्चित. निश्चित आहे तो ग्रंथ, आणि लोकांच्या ओठी आहे तो चाबूक.

अध्यापकाची अडचण इथे सुरू होते. वर्गात चाबकाची कथा सांगितली की मुले सावरून बसतात. पहिले प्रकरण उघडले की माना खाली जातात. कथा वगळून ग्रंथच शिकवावा, असे मी बरीच वर्षे मानीत होतो. आता तसे ठामपणे म्हणवत नाही. ज्या ग्रंथाचा विषयच क्षणात न साधणारे ज्ञान हा आहे, त्याच्या कर्त्याला लोकांनी क्षणात ज्ञान देणारा का करावे, हा प्रश्न मी हल्ली कथेनंतर लगेच फळ्यावर लिहितो आणि मग पोथी उघडतो.