रेने पादिया : कोंड्यासकट पाव

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी, नेहमीप्रमाणे, ही या भागाची लेखी आवृत्ती. थोडी साफसूफ केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय ख्रिस्ती धर्मशास्त्राचा आहे. पण मुळातला प्रश्न कुणालाही कळेल असा आहे. समोरचा माणूस उपाशी आहे, त्याच्यावर अन्याय होतोय, आणि तुमच्याकडे त्याला सांगायला देवाची गोष्ट आहे. तर ती गोष्ट सांगणं हेच तुमचं काम, की त्याची भाकरी आणि त्याचा न्यायही त्याच कामात येतो? विसाव्या शतकात या प्रश्नावर इव्हँजेलिकल जगात मोठा वाद झाला. इव्हँजेलिकल म्हणजे प्रोटेस्टंटांमधला तो प्रवाह, जो बायबलचा अधिकार, येशूचं क्रूसावरचं मरण, प्रत्येकाचं वैयक्तिक मनपरिवर्तन आणि सुवार्ता सांगणं या चार गोष्टींवर भर देतो. या वादात लॅटिन अमेरिकेतून आलेला एक ठाम आवाज होता रेने पादिया यांचा.

पादियांचा जन्म १९३२ चा, इक्वेडोरची राजधानी कितो इथला. वडील शिंपी, आणि जोडीला प्रचारकही. मंदीच्या काळात कुटुंब कोलंबियात गेलं. तिथे सगळीकडे कॅथलिक, आणि हे प्रोटेस्टंट. म्हणजे दगड खायचे दिवस. कॅथलिक मिरवणुकीत सामील व्हायला नकार दिला म्हणून रेनेला शाळेतून काढून टाकलं. हा तपशील लक्षात ठेवा. गरिबी आणि हिंसा या माणसाला पुस्तकातून कळलेली नव्हती.

पुढे ते अमेरिकेत व्हीटन कॉलेजात शिकले. नंतर इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला, बायबलचे नावाजलेले अभ्यासक एफ. एफ. ब्रूस यांच्या हाताखाली पीएचडी केली. पण खरं शिक्षण झालं ते मधल्या काळात. १९५९ पासून ते इव्हँजेलिकल विद्यार्थी संघटनेचं काम करत लॅटिन अमेरिकेतल्या विद्यापीठांतून हिंडत होते. १९५९ म्हणजे क्युबाच्या क्रांतीचं वर्ष. कॉलेजातली पोरं मार्क्स वाचत होती आणि विचारत होती, तुमचा येशू आमच्या जमिनीच्या, मजुरीच्या प्रश्नाबद्दल काय म्हणतो? व्हीटनमध्ये मिळालेल्या धर्मशास्त्रात याचं उत्तर नव्हतं, कारण तिथे हा प्रश्नच कुणी विचारला नव्हता.

आता येऊया १९७४ मध्ये. स्वित्झर्लंडमधलं लोझान. प्रसिद्ध प्रचारक बिली ग्रॅहम यांच्या पुढाकाराने १५० देशांतले २,००० हून जास्त लोक जमले होते. विषय होता, साऱ्या जगाला सुवार्ता कशी पोचवायची. पादिया तिथे उभे राहिले आणि यजमानांच्याच घरात त्यांना सुनावलं. तुम्ही सुवार्तेच्या नावाखाली अमेरिकन जीवनशैली निर्यात करताय, असा त्यांचा मुद्दा होता. पश्चात्ताप म्हणजे फक्त खाजगी पापांची कबुली नाही. माणूस ज्या व्यवस्थेत जगतो, ज्या पैशाला आणि सत्तेला पुजतो, तिकडेही पाठ फिरवावी लागते. ते वगळून सांगितलेली सुवार्ता स्वस्तातली आहे, आणि ती स्वस्त केल्यावर आकडे वाढणारच.

या आकड्यांच्या मुद्द्याचा एक धागा भारतात येतो. त्या काळी डोनाल्ड मॅकगाव्हरन यांचा 'चर्च ग्रोथ' विचार जोरात होता. हे गृहस्थ जन्मले १८९७ साली दमोहला, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्य प्रांतात. मिशनरी घराणं, आणि त्यांनी स्वतःही भारतात बरीच वर्षं काम केलं. त्यांनी पाहिलं की एकटा माणूस ख्रिस्ती झाला की घर, जात, गाव सगळ्यातून तुटतो. उलट एखाद्या जातीतले लोक मिळून आले तर टिकतात. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की माणसांना जात, भाषा, वर्ग यांची कुंपणं न ओलांडता ख्रिस्ती व्हायला आवडतं, तर तसंच होऊ द्यावं. त्यामागे तुटलेल्या माणसांबद्दलची कळकळ होती, हेही म्हटलं पाहिजे.

पादियांनी यालाच हात घातला. १९७७ साली अमेरिकेत पॅसाडेनाला या मुद्द्यावर वेगळी बैठक झाली, तिथेही ते विरोधी बाजूने बोलले. बायबलमध्ये अंत्युखिया नावाच्या शहरातला प्रसंग आहे. पेत्र आधी बिगर-यहुदी लोकांबरोबर जेवत होता. मग काही यहुदी मंडळी आली तसा तो मागे सरला, आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर खडसावलं. आपल्या मराठीत त्याला नेमका शब्द आहे, पंक्तिभेद. पादियांचं म्हणणं असं, की पहिल्या चर्चमध्ये यहुदी आणि परके, गुलाम आणि मालक एकत्र बसत होते, आणि ते एकत्र बसणं हाच सुवार्तेचा भाग होता. वाढ व्हावी म्हणून वेगवेगळ्या पंगती मांडल्या, तर वाढलं ते नक्की काय?

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हा मुद्दा पटकन भिडला. डॅशबोर्डवर जे मोजता येतं तेच हळूहळू प्रॉडक्टचं ध्येय होऊन बसतं. युजर वाढले की सगळे खूश, मग प्रॉडक्ट ज्यासाठी बनवलं ते होतंय की नाही, हे विचारायला कुणी उरत नाही.

लोझानला निघालेल्या जाहीरनाम्याचे मुख्य लेखक होते लंडनचे धर्मगुरू जॉन स्टॉट. १९६६ मध्ये बर्लिनच्या परिषदेत याच स्टॉट यांनी मांडलं होतं की चर्चला मिळालेली आज्ञा प्रचाराची आहे, समाजसुधारणेची नाही. १९७४ च्या जाहीरनाम्यात मात्र सामाजिक जबाबदारीवर वेगळं कलम आलं, आणि ती आजवर दुर्लक्षिली याबद्दल खेदही. मत बदलल्याचं स्टॉट यांनी पुढच्याच वर्षी पुस्तकात उघडपणे लिहिलं. त्या बदलामागे पादिया आणि पेरूचे सॅम्युएल एस्कोबार यांचा मोठा वाटा होता. स्टॉट आणि पादियांची पुढे घट्ट मैत्री झाली. पादियांनीच सांगितलेला किस्सा आहे. अर्जेंटिनात बारिलोचेला दोघे भर पावसात, चिखलातून मुक्कामी पोचले. सकाळी पादिया उठून बघतात तर स्टॉट त्यांचे बूट साफ करतायत. येशूने पाय धुवायला सांगितलं, आता पाय कोण धुतं, निदान बूट तरी साफ करतो, असं त्यांचं उत्तर.

पादियांच्या विचाराला नाव पडलं 'मिसिओन इंतेग्राल'. स्पॅनिशमध्ये कोंडा न काढलेल्या पिठाच्या पावाला 'पान इंतेग्राल' म्हणतात. आत्मा वेगळा चाळला, पोट वेगळं चाळलं, असं नाही. अख्खा दाणा.

हा विचार सगळ्यांना पटला असं मात्र नाही. काहींना पादिया फार डावे वाटले. उलट मुक्तिधर्मशास्त्राकडे झुकलेल्यांना ते बायबलला फार धरून बसलेले वाटले. आणि खुद्द लोझानच्या जाहीरनाम्यातही प्रचाराला प्राधान्य कायम राहिलं. म्हणजे दार उघडलं, पण अर्धंच.

पादिया २७ एप्रिल २०२१ ला ब्युनॉस आयर्समध्ये वारले. योगायोग असा, की त्याच दिवशी स्टॉट यांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण होत होती. २०२४ मध्ये दक्षिण कोरियात चौथी लोझान परिषद भरली. तिथे पादियांची मुलगी रूथ पादिया डीबोर्स्ट न्यायाबद्दल बोलल्या आणि त्यात गाझाच्या दुःखाचा उल्लेख केला. आयोजकांनी नंतर प्रतिनिधींना पत्र पाठवून त्या भाषणाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. परिषदेने त्या पत्राची बरीच चर्चाही ऐकली. पन्नास वर्षांनंतर तोच प्रश्न, आणि विचारणारं घरही तेच.

मला वाटतं, हाच पादियांचा वारसा. कुणी नुसता आकडा सांगायला लागलं की विचारायचं, पंगत एकच आहे ना? हा प्रश्न फक्त चर्चला नाही, आपल्या देवळांना, पक्षांना आणि सोसायट्यांनाही लागू आहे. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.